आई, लेक आणि एक वाकळ : १२ मिनिटांचा लघुपट कसा करावा

आई-मुलीवरच्या लघुपटाची पटकथा वाचायला आली की मी आधी एकच गोष्ट बघते : दोघींच्या हातात काय आहे? बहुतेक वेळा काहीच नसतं. दोघी गॅलरीत उभ्या असतात, बाहेर पाऊस पडत असतो आणि त्या एकमेकींना मनातलं सांगत असतात. आपल्या घरांत असं कधी घडतं? आई आणि लेक बोलतात ती भाजी निवडताना, डोक्याला तेल लावताना, पापड वाळत घालताना, आणि तेही नजर हातातल्या कामावर ठेवून. म्हणून सगळ्यात आधी दोघींना काम द्या. कॅमेरा, माईक, महोत्सव हे नंतरचं.

मी केलेल्या एका लघुपटाच्या आधाराने सगळी पद्धत सांगते. तुमची गोष्ट वेगळी असेल, पण अडचणी याच येतील.

काम कसं निवडायचं

काम दोघींना मिळून करता येईल असं हवं. ते पुढे सरकताना डोळ्यांना दिसायला हवं, म्हणजे वेळ किती गेला हे पाटी लावून सांगावं लागत नाही. आणि त्यात एक क्षण असा हवा की तो घडला की माघार नाही. पोळ्या लाटण्यात हा क्षण नाही. एक बिघडली तर दुसरी लाटता येते. कपाट आवरण्यात थोडासा आहे. मी वाकळ निवडली, म्हणजे पुण्याकडे जिला गोधडी म्हणतात ती. जुन्या साड्या एकावर एक अंथरायच्या, कडा टाचून घ्यायच्या आणि धावदोरा घालत आत यायचं. दोघी दोन टोकांना बसून शिवतात. सुरुवातीला दोघींमध्ये सगळी खोली असते, आणि टाके पुढे जातील तशा त्या आपोआप जवळ सरकतात. दिग्दर्शकाला यापेक्षा आयतं काय मिळणार? आणि माघार नसलेला क्षण म्हणजे साडीला कात्री लागते तो.

गोष्ट अशी. कोल्हापूरजवळच्या गावात एप्रिल महिन्यातली दुपार. ५५ वर्षांची आई वाकळ घालायला बसलीय. पुण्याहून २८ वर्षांची लेक दोन दिवसांसाठी म्हणून आलीय, पण बॅग मात्र मोठी आहे. दुसऱ्या दुपारी लेक बॅगेतून आपली साखरपुड्याची साडी काढते आणि कापायच्या ढिगावर ठेवते. बस्स. नवरा दिसत नाही, फोन वाजत नाही, शेजारीण चौकशीला येत नाही. पहिल्या खर्ड्यात हे तिन्ही होतं. तिन्ही काढलं, तेव्हा कुठे फिल्म मोकळी झाली.

पटकथा

नीट मांडणीत टाइप केलेलं पटकथेचं एक पान साधारण एक मिनिट चालतं, हा हिशेब ढोबळ आहे. संवाद कमी आणि हातांचं काम जास्त असलं की तो फसतो. माझी पटकथा ८ पानांची होती आणि फिल्म १२ मिनिटांची झाली. त्यामुळे टाके घालून दाखवत, घड्याळ लावून, पटकथा एकदा प्रत्यक्ष वाचून बघा. पंधरा मिनिटांच्या आत राहाल तर महोत्सवातल्या लघुपटांच्या सत्रात तुमची फिल्म बसवणं निवडणाऱ्याला सोपं जातं.

मागची हकिकत संवादात ओतायची नाही, हे सगळे सांगतात आणि तरी सगळे ओततात. माझ्या पहिल्या खर्ड्यातलं हे बघा :

लेक : आई, मी आता सासरी परत जाणार नाही.
आई : तू काळजी करू नकोस. मी तुझ्या पाठीशी आहे.

यात आईने काय समजून घेतलं? काहीच नाही, तिला सांगितलं गेलं. आणि प्रेक्षकालाही सांगितलं गेलं. शेवटच्या खर्ड्यात हेच असं आलं :

लेक साडी ढिगावर ठेवते. आई ती उचलते, पदर उलगडून बघते.
आई : ही?
लेक : हं.
आई काठावरून बोट फिरवते.
आई : काठ उसवून घे आधी. टोचतोय अंगाला.

जरीचा काठ वाकळेत खरंच टोचतो. शिवणाऱ्या बाया तो काढूनच टाकतात. ही ओळ मला सुचली नाही, आमच्या गल्लीतल्या एका आजीने सहज दुसऱ्याच साडीबद्दल म्हटली होती. म्हणून लिहायच्या आधी ते काम जाणणाऱ्या बाईजवळ दोन दुपारी बसा. वही उघडू नका. हाताखाली काम करा आणि घरी येऊन लिहा. अजून एक वाट आहे. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाहून अधिक आहेत आणि ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी वाचता-ऐकता येतात. लेक सासरी, आई माहेरी, हा त्यांचा मोठा विषय. तिथे प्रेम सरळ कधी बोललं जात नाही. ते लुगड्यावरून बोललं जातं, वाटेवरून बोललं जातं, पिठावरून बोललं जातं. तो तिरकसपणा शिकण्यासारखा आहे.

एक छोटी कृती घ्या आणि ती तीनदा आणा, दर वेळी बदलून. आमच्याकडे सुई ओवणं होतं. पहिल्यांदा आई म्हणते, ‘दोरा घालून दे गं’. दुसऱ्यांदा ती नुसती सुई पुढे करते, लेक न बघता ओवून देते. साडीवरून ताण आल्यानंतर तिसऱ्यांदा आई स्वतःच ओवायला बसते. दोरा चुकतो. लेक बघते आणि मदत करत नाही. या तिसऱ्या वेळेला संवाद लागत नाही, कारण आधीच्या दोन वेळांनी ती जागा कमावलेली असते.

आता बोलीबद्दल, कारण इथे सगळ्यात जास्त फिल्म खोट्या ठरतात. आपल्याकडे आईला ‘अगं’ आणि ‘तू’, पण त्याच घरात वडिलांना ‘अहो’ असू शकतं. आईला ‘तुम्ही’ म्हणणारी लेक लिहिलीत तर त्या घराचा बाज वेगळा आहे हे तुम्हाला माहीत असायला हवं. विदर्भात ‘माय’ येईल, मालवणीत ‘आवस’. कोल्हापूरकडच्या मुली स्वतःबद्दल ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात. आमची लेक पुण्यात राहून ‘आले, गेले’ शिकलेली. पहिली सात मिनिटं ती तसंच बोलते, आणि चिडते तेव्हा तोंडातून निघतं, ‘मी काय पळून आलोय काय?’ ती घरी पोचली ती तिथे. हे कोणी टाळ्या वाजवून दाखवत नाही, पण त्या भागातल्या प्रेक्षकाला बरोबर लागतं.

आणि ‘जेवलीस का?’ हा प्रश्न कृपा करून काढून टाका. आईचं प्रेम दाखवायला तो इतक्या वेळा वापरला गेलाय की आता त्यात आई उरली नाही.

अभिनेत्री आणि तालीम

चेहऱ्याचं साम्य शोधत बसू नका. बसण्याची ढब, हात चालवण्याचा वेग, पदर खोचण्याची सवय यात साम्य आणता येतं आणि ते जास्त पटतं. आमच्या दोघी राज्य नाट्य स्पर्धेच्या वळणात तयार झालेल्या. त्याचा फायदा मोठा : पाठांतर पक्कं, वेळेवर हजर, रुसवे नाहीत. तोटा एकच : आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकायची सवय. ‘कमी करा’ म्हणून ते कमी होत नाही. मी त्यांना सांगितलं की शेजारच्या खोलीत वडील झोपलेत, ते उठले तर सगळं बिघडेल. पटकथेत वडील नव्हतेच. आवाज मात्र लगेच खाली आला.

तालमीत संवाद म्हणून घेण्याआधी दोन दुपारी खरी वाकळ शिवून घ्या. बोटाला सुई टोचणं, दोरा दाताने तोडणं, पाय आखडल्यावर कूस बदलणं, हे शिकवून येत नाही. दुसऱ्या दुपारी आईचं काम करणारीने लेकीचे वाकडे टाके न बोलता उसवून टाकले आणि लेकीचं काम करणारी खरोखर चिडली. तो प्रसंग जसाच्या तसा फिल्ममध्ये घेतला.

लेक लहान असेल तर कायदा आधी बघा. चौदा वर्षांखालच्या मुलांना चित्रीकरणात घ्यायचं तर २०१७ साली सुधारलेल्या बालकामगार नियमांप्रमाणे निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, आणि मुलाच्या मानधनातले किमान २० टक्के त्याच्या नावे मुदत ठेवीत. ‘आपल्या ओळखीतलीच आहे’ म्हणून हे सोडू नका.

एकच साडी दोनदा कापता येत नाही

हे वाक्य मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझा अर्धा दिवस वाचला असता. ज्या कृतीत माघार नाही, तिच्यात दुसरा टेकही नाही. म्हणून साखरपुड्याची साडी खरी जुनी घेऊ नका. यंत्रमागावरची, एकाच डिझाइनची, एकाच रंगाची निदान तीन नग घ्या. दुकानदाराला आधी सांगितलं तर तो त्याच लॉटमधल्या काढून देतो. तिन्ही दोनदा धुवून घ्या, नाहीतर नव्याची चकाकी आणि घडीची रेघ कॅमेऱ्यात दिसते. कात्रीने छोटा छेद द्यायचा आणि मग हाताने फाडायचं. तो टर्र आवाज फिल्मचा कणा आहे, तो ओठ मिटून ऐकायचा.

दुसरी भानगड शिवणीची. वाकळ पहिल्या प्रसंगात एक वीत शिवलेली, शेवटी तीन हात. चित्रीकरण जर सोयीप्रमाणे मागेपुढे केलं तर टाके कसे जुळवणार? दोन उपाय. एक, तीन टप्प्यांवरच्या तीन वाकळी आधीच शिवून ठेवायच्या. दुसरा, गोष्ट ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने चित्रीकरण करायचं. जागा एकच असेल तर दुसरा उपाय स्वस्त आणि चांगलाही, कारण अभिनेत्रींनाही त्याच क्रमाने चढत जाता येतं. तरी प्रत्येक शॉट संपला की वाकळेचा वरून फोटो काढायला एक माणूस वेगळा नेमा, आणि जेवणाच्या सुट्टीत कोणी हौसेने चार टाके घालू नये हे सगळ्यांना बजावून सांगा. आमच्याकडे घातले होते. उसवावे लागले.

जागा, उजेड, कॅमेरा

खोली निवडताना खिडकी बघा. सकाळी दहाला, दुपारी एकला आणि चारला त्याच जागी उभं राहून मोबाइलवर फोटो काढा. उन्हाची तिरीप कुठून कुठे जाते ते कळलं की दिवसाचं वेळापत्रक तिथेच ठरतं. स्वतःच्या किंवा ओळखीच्या घरात घरमालकाची लेखी संमती पुरते. एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, रस्ता असं काही लिहिलं असेल तर संबंधित खात्याची परवानगी लागते. पहिल्या फिल्मला तो प्रसंग काढून टाकणं शहाणपणाचं. मोठी बॅग उंबऱ्याशी ठेवली की लेक स्टँडवरून आली हे कळतं.

कॅमेरा मोबाइलचा असला तरी चालेल. दोन गोष्टी मात्र हाताने ठरवा. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, २५ आणि शटर, म्हणजे एक चित्र किती वेळ उजेड घेतं ते, सेकंदाचा पन्नासावा भाग. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे बहुतेक मोबाइल आपणहून ३० फ्रेम्सवर धरतात तेव्हा ट्यूबलाइट फडफडताना दिसू शकते. उजेड मोजणं आणि रंगछटा, दोन्ही लॉक करा, नाहीतर पांढरं अस्तर फ्रेममध्ये आलं की सगळी खोली काळवंडते.

दोघी जमिनीवर बसलेल्या असताना कॅमेरा उभ्या माणसाच्या उंचीवर ठेवला तर प्रेक्षक पाहुण्यासारखा वरून बघतो. खाली आणा, बसलेल्या बाईच्या डोळ्यांच्या पातळीवर. आमचा ट्रायपॉड तितका खाली जाईना, म्हणून कॅमेरा एकावर एक ठेवलेल्या दोन पाटांवर बसवला. दोघींमधून एक रेघ मनात आखा आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे नजरा जुळतात. ही रेघ एकदाच ओलांडा, साडी कापल्यानंतर. आणि चेहऱ्यांच्या क्लोजअपचा मोह आवरा. हात, आणि दोघी एकत्र दिसणारा रुंद शॉट, यांवर निम्मी फिल्म निघते.

आवाज

चित्र थोडं कच्चं असलं तर प्रेक्षक सांभाळून घेतो. संवाद कळला नाही तर उठून जातो. साडीवर कॉलर माईक लावला की पदराची खसखस येते. माईक पदराखाली न लावता ब्लाउजच्या काठाला आतून कापडी चिकटपट्टीने बसवा आणि वायरला तिथेच एक छोटा वेढा द्या. काचेच्या बांगड्या सुंदर दिसतात आणि प्रत्येक शब्दावर किणकिणतात. जवळच्या शॉटमध्ये हात फ्रेमबाहेर असतील तर बांगड्या काढा, आणि त्यांचा आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करून हवा तिथेच वापरा. आवाज ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर घ्या. पातळीचा सगळ्यात वरचा टप्पा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या, म्हणजे चिडून बोललेलं वाक्य फाटत नाही.

पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद करणाऱ्याने आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवावी, म्हणजे घरी निघताना तो चालू करायची आठवण होते. आम्ही ठेवली नव्हती. ज्यांचं घर होतं त्यांचं दोन लिटर दूध नासलं आणि त्या माउलीने त्याचा कलाकंद करून आम्हालाच खायला घातला. जेवणाच्या वेळी शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या येणारच, तेव्हा त्या तासात न बोलता करायचे शॉट ठेवा. प्रत्येक प्रसंगानंतर सगळ्यांनी एक मिनिट गप्प उभं राहून नुसत्या खोलीचा आवाज घ्या. एडिटमध्ये दोन वाक्यांमधली फट त्यानेच भरते.

चित्रीकरणाचे दिवस

दोन दिवस, ४२ शॉट, सात माणसं. शॉट त्याहून जास्त लिहिले असतील तर गाळा. खर्च सुमारे ४० हजार रुपये आला, त्यातला मोठा भाग माईकच्या भाड्याचा, प्रवासाचा आणि जेवणाचा. अभिनेत्रींना थोडं का होईना मानधन द्या आणि एका पानाच्या करारावर सही घ्या : कोणत्या कामासाठी, किती दिवस, फिल्म कुठे कुठे दाखवणार. मैत्रीत केलेल्या फिल्मांची भांडणं नंतर कागद नसल्यामुळेच होतात. साडी कापण्याचा प्रसंग दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा, संध्याकाळच्या घाईत नको.

एडिट

दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती या कामाला पुष्कळ आहे. पहिली जोडणी १९ मिनिटांची झाली. मला त्यातलं काहीच काढवेना. मग आवाज बंद करून बघितली : जिथे चित्रावरूनच कळत होतं तिथला संवाद काढला. मग चित्र न बघता नुसती ऐकली : जिथे कानाला पुरत होतं तिथले शॉट काढले. चार मिनिटं तिथेच गेली.

रडण्याचा एक सुंदर टेक होता. डोळ्यांत पाणी येतं, लेक मान फिरवते, गालावर थेंब ओघळतो. थेंब ओघळण्याआधीच कापला. अभिनेत्री आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. पण तिने स्वतः रडून टाकलं की प्रेक्षकाकडे काही उरत नाही.

संगीत ठेवायचंच असेल तर बासरी आणि सतार वगळून विचार करा. आम्ही ठेवलं नाही. रेडिओवर जुनं गाणं लावायचा मोह सगळ्यांना होतो. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो आणि गीतकार-संगीतकारांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे एका गाण्यासाठी दोन वेगळ्या परवानग्या. त्याऐवजी एखाद्या आजीकडून परंपरेतली ओवी म्हणून घ्या, तिची लेखी संमती आणि मानधनासह.

इंग्रजी सबटायटल्स स्वतः लिहा, यंत्रावर सोडू नका. एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण ४० अक्षरं. ‘आले’चं ‘आलो’ झालेलं इंग्रजीत उतरत नाही. मी खूप खटपट केली, शेवटी सोडून दिलं.

दाखवायची कुठे

एका गोष्टीची घाई करू नका : यूट्यूब. बऱ्याच महोत्सवांना आधी इंटरनेटवर खुली झालेली फिल्म चालत नाही. तोवर पासवर्ड असलेली खाजगी लिंक वापरा. माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनसाठीचा मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९९० पासून दर दोन वर्षांनी होतो. केरळमध्ये तिरुवनंतपुरमला लघुपटांचा मोठा महोत्सव २००८ पासून आहे. गोव्यातल्या इफ्फीच्या, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, इंडियन पॅनोरमात कथाबाह्य विभागात लघुपटही घेतात. बाकीच्यांचे अर्ज फिल्मफ्रीवे या संकेतस्थळावर एकत्र मिळतात. तिथे प्रवेश शुल्क भरण्याआधी त्या महोत्सवात मागच्या वर्षी खरंच कुठे पडद्यावर फिल्म दाखवल्या का, हे तपासा. नुसती प्रमाणपत्रं वाटणारे पुष्कळ आहेत. थिएटरमध्ये जाहीर प्रदर्शन करायचं असेल तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं.

आणि चित्रीकरणाच्या आधीच ठरवून टाका की फिल्म झाल्यावर वाकळ कोणाची. आमच्याकडे दोन्ही अभिनेत्रींनी मागितली. सध्या ती सहा-सहा महिने एकेकीकडे असते, आणि मधल्या न शिवलेल्या हातभर जागेवरून दोघींचं अजून वाजतं.